हा ‘म्हणून’ कशावरून?

मराठी लिहिणाऱ्याला सल्ला देणारे हल्ली गल्लोगल्ली झाले आहेत. सल्ला एकच: वाक्ये तोडा! पूर्णविराम द्या आणि मोकळे व्हा! शाळेच्या परीक्षेत मात्र मुलांना नेमके उलटे फर्मान : ‘पुढील केवल वाक्यांचे मिश्र वाक्य करा.’ गुण एक. ‘आणि’ दिसला की संयुक्त, ‘की’ दिसला की मिश्र, असे घोकून पोर बिचारे तो गुण पदरात पाडून घेते. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस; कादंबऱ्या लिहितो आणि रेवसच्या मुलांना मराठी शिकवतो. तरी या दोन्ही पंडितांशी माझे भांडण आहे. तोडणारा आणि जोडायला लावणारा, दोघेही जोडशब्दाला खळ समजतात. तो खळ नव्हे. ती साक्ष आहे.

कशी ते पाहा. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या प्रसंगाविषयी सांगितली जाणारी दोन वाक्ये घ्या : ‘प्रवासी एका बाजूला धावले. बोट कलंडली.’ ‘आणि’ने जोडा, नुसता क्रम सांगितलात. ‘प्रवासी एका बाजूला धावले म्हणून बोट कलंडली’ असे लिहा. मेलेल्यांच्या माथी दोष मारलात. ‘बोट कलंडू लागली तेव्हा प्रवासी धावले’ असे लिहा. दोष त्यांच्यावरून उठला आणि तुफानाकडे, बोटीकडे, बोट सोडणाऱ्यांकडे पाहणे भाग पडले. व्याकरणाला तिन्ही मान्य. पण ज्या घरातले माणूस त्या बोटीत होते, त्या घराला विचारा, तिन्ही सारखीच का! आणि पूर्णविराम देऊन मोकळा होणारा? तो तर साक्षीलाच आला नाही.

वाचकहो, फराळाच्या ताटात व्याकरण वाढतो म्हणून रागावू नका, पण आपल्या भाषेचे जोडकाम चकलीइतकेच नाजूक आहे. जोडायला दर वेळी उभयान्वयी अव्यय लागतेच असे नाही. क्रियापदाला नुसता ‘ऊन’ लावला तरी भागते. ‘आम्ही जेवून निघालो.’ मात्र जेवणारे आणि निघणारे एकच हवेत. ‘तांडेल जेवून आम्ही निघालो’ असे लिहिलेत, तर आमच्या वर्गातली पोरे विचारतील, ‘गुरुजी, तांडेलालाच जेवलात की काय?’ तिथे ‘जेवल्यावर’च पाहिजे. हा नियम पोरांना पुस्तकाआधी कानाने ठाऊक असतो. आपण तो कान बंद करून त्यात व्याख्या कोंबतो.

तीच गत स्वल्पविरामाची. तो आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. मेजर कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. त्याआधी बखरकारांचे त्याच्यावाचून काही अडले नव्हते. एवढ्यावरून तो समुद्रात बुडवा असे मी म्हणत नाही. पण धाप लागेल तिथे तो टाका, हे शिकवणे बंद करा. ‘ओहोटी होती म्हणून लाँच थांबली नाही, तांडेल जेवायला गेला म्हणून थांबली.’ यातल्या ‘होती’पुढे स्वल्पविराम टाकून पाहा. ओहोटीमुळे लाँच थांबलीच नाही, असे वाटू लागते आणि पुढच्याच पावलाला वाचणारा आपटतो. एवढ्याशा शेपटीत खरे-खोटे करण्याची ताकद आहे, आणि आपण ती शोभेची रांगोळी समजतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझे मागणे फार मोठे नाही. तो एक गुण राहू द्या. प्रश्नाखाली फक्त एक ओळ जास्त छापा : ‘उत्तरात म्हणून वापरल्यास ते कशावरून, हे एका वाक्यात लिहा.’ ते वाक्य लांबले तरी गुण कापू नका.