गुग्गुळ : धुपाचा, औषधाचा नि चुन्याचाही



तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकता तो गुग्गुळ म्हणजे एका काटेरी झुडपाचा डिंक. हे झुडूप राजस्थान, कच्छकडच्या कोरड्या माळावर वाढते. थंडी-उन्हाळ्यात सालीला खाचा पाडतात, चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात.

मेद झडावा म्हणून सुश्रुताने गुग्गुळ सांगितला. सांधे धरले की योगराज गुग्गुळ आपल्याकडे आजही घेतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने देवळांसाठी वज्रलेप सांगितला, त्यातही बेल, कवठ, जवस, राळ यांच्या जोडीला गुग्गुळ आहे.

मेदावरच्या या गुणाचा अभ्यास १९६६ साली बनारसला जी. व्ही. सत्यवती यांनी केला. पुढे २००३ साली अमेरिकेतल्या चाचणीत मात्र रक्तातली वाईट चरबी कमी न होता थोडी वाढलीच. म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या सोडून गुग्गुळावर विसंबू नका. गरोदर बाईने तर तो घेऊच नये. धुरी देताना दारे-खिडक्या उघडी ठेवा, तान्ह्या बाळाला धुरापासून लांब ठेवा.

आता झुडपाचे ऐका. जादा चिकाच्या लोभाने खोल घाव घालतात, त्यावर रसायन लावतात आणि झुडूप वाळून जाते. २०१५ साली ते नामशेष होऊ घातलेल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत गेले. तुमच्याकडे पाणी न साचणारी खडकाळ पड जमीन असेल, तर पावसाळ्याच्या तोंडी गुग्गुळाच्या फांदीचे चार तुकडे लावून पाहा. चिकासाठी काही वर्षे धीर धरावा लागेल. पण झुडूप जगले, तरच पुढच्या पिढीला गुग्गुळ मिळेल.