मुलांचे ‘प्रकल्प’ आणि घरचीं वडीलधारीं माणसें

वार्षिक परीक्षा आटोपल्या, म्हणजे वसतिगृहांत राहणारीं मुलें घरीं परततात, आणि त्यांच्याबरोबर पूर्वीं कधीं न पाहिलेल्या वस्तूहि घरांत येतात. जाड पुठ्ठ्याचे तक्ते, मातीचे नि लाकडाचे नमुने, आकृत्यांनीं भरलेल्या वह्याच्या वह्या, आणि ज्याला दुसऱ्या कोणीं हात लावावयाचा नाहीं असा एक संगणक. हा सारा पसारा ओटीवर मांडला गेला, कीं घरांतील वृद्ध मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. मुलगा वकील किंवा डॉक्टर होणार असला, तर त्याच्या अभ्यासाचें स्वरूप आजीलाहि समजतें. परंतु ‘डिझाइन’, ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘मल्टिमीडिया’ हे तीन शब्द घेऊन जें मूल घरीं येतें, त्याच्या वर्षभराच्या श्रमांची किंमत कशी करावी, हें घरांत कोणालाच ठाऊक नसतें. मग ती किंमत गुणपत्रिकेवरून केली जाते. या महिन्यांत याच विषयासंबंधीं चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे. कारण या बाबतींत आमच्याच हातून एक चूक झाली, आणि ती आमच्या पदरांत घालणारी मुलगी अवघी विशींतली होती.

प्रथम या शब्दांची भीति घालविली पाहिजे. डिझाइन म्हणजे नुसती शोभा नव्हे. १९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारच्या निमंत्रणावरून एक अहवाल लिहिला, आणि त्यांतूनच १९६१ मध्यें अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या देशांत हिंडून या दांपत्यानें सर्वांत अधिक वाखाणिली ती वस्तु कोणती ? आपला साधा लोटा ! त्यांत पाणी किती मावावें. तो हातांत न्यावयाचा, कंबरेवर कीं डोक्यावर. भरलेला असतां आणि रिकामा असतां त्याचा तोल कसा राहतो. धार कशी पडते. आंतून घासतां येतो कीं नाहीं. हे सर्व प्रश्न पिढ्यान् पिढ्यांच्या वापरानें सुटत गेले, तेव्हां तो आकार सिद्ध झाला. डिझाइनचा विद्यार्थी हेच प्रश्न चार वर्षांत विचारावयास शिकतो.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची संगतवार मालिका. पूजेच्या पोथींत आधीं आचमन, मग संकल्प, असा क्रम लिहिलेला असतो, तसाच हा प्रकार. भेद इतकाच, कीं पोथींत एखादी ओळ गळली तर जाणता यजमान ती मनानें भरून काढतो. यंत्र मात्र तेथेंच अडून बसतें. आणि मल्टिमीडिया पाहावयाचा असेल तर एखादें चांगलें कीर्तन आठवावें. शब्द, सूर, ताल आणि अभिनय हीं चार माध्यमें तेथें एकत्र येतात. कोणत्या क्षणीं बोलणें थांबवून पद सुरू करावें, यांतच बुवांचें सारें कसब असतें. तेव्हां या विद्या आपल्या घराला अगदींच परक्या नाहींत.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. आमची पुतणी अशाच एका महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्पासाठीं तिनें विषय घेतला तो घरचाच : आमच्या तीर्थरूपांच्या औषधांचा. त्यांचें वय ८१. दिवसाकाठीं गोळ्या ७, आणि त्यांतली निदान एक विसरावयाची हा त्यांचा नेम. मोबाइलवर वेळच्या वेळीं घंटा वाजावी आणि कोणती गोळी घ्यावयाची तें समोर दिसावें, अशी तिची योजना होती. डिसेंबरांत महाविद्यालयांत पहिली पाहणी झाली. रंगसंगति नाजूक, अक्षरें सडपातळ, कोपऱ्यांत एक लहानशी घंटा. परीक्षकांनीं तोंड भरून स्तुति केली. मुलगी सुटींत घरीं आली ती हर्षभरित होऊनच, आणि आल्या दिवशीं तिनें तो मोबाइल आजोबांच्या हातीं दिला.

आजोबांनीं दोनदां चष्मा पुसला. पांढऱ्यावरचीं तीं राखाडी अक्षरें त्यांना दिसेनात. बारीक ठशांतल्या ‘५’ आणि ‘६’ या आकड्यांची गल्लत होऊं लागली. कोपऱ्यांतली घंटा पाहून, ‘हें देवाचें कांहीं आहे का?’ असें त्यांनीं विचारलें. परंतु खरी अडचण दुसऱ्या दिवशीं आली. सकाळीं ८ वाजतां मोबाइल वाजला, तेव्हां ते पूजेला बसलेले होते. गोळी तर जेवणानंतरची, आणि जेवणाला अजून तीन तासांचा अवकाश. तिसऱ्या दिवशीं एकादशी. ‘आज जेवणच नाहीं, मग जेवणानंतरची गोळी घ्यावयाची कीं नाहीं?’ असें त्यांनीं नातीलाच विचारलें. तिच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिच्या यंत्राला घड्याळ ठाऊक होतें. आमच्या वडिलांचा दिवस मात्र स्नान, पूजा आणि पान वाढल्याची हांक यांवर चालत होता.

त्या रात्रीं मुलगी नीट जेवली नाहीं. आम्हीं तिची समजूत घातली ती अशी : ‘परीक्षकांना पसंत पडलें आहे ना ? मग आतां त्याला हात कशाला लावतेस ? आणि आज्ञावलीचा भाग जड जात असेल, तर चार पैसे टाकले म्हणजे तो तयार करून मिळतो, असें ऐकतों. सगळींच मुलें तसें करतात म्हणे.’ तिनें आमच्याकडे क्षणभर पाहिलें, आणि ती म्हणाली, ‘काका, गुण परीक्षक देतील, पण गोळी आजोबांना घ्यायची आहे.’

आमच्या बोलण्यांत काय वाईट होतें, तें त्या एका वाक्यानें आम्हांस कळलें. कामाचा न्याय कोणीं करावयाचा, हेंच आम्ही विसरलों होतों.

पुढचे पंधरा दिवस ती वही घेऊन आजोबांच्या पाठीमागें फिरत होती. ते केव्हां उठतात, जेवावयास खरोखर किती वाजतां बसतात, मोबाइल कोठें ठेवतात, बोटाचा दाब कसा पडतो, तें सारें तिनें टिपून घेतलें. उपासाच्या दिवशीं कोणती गोळी कशी घ्यावयाची, याविषयीं ती आमच्या डॉक्टरांकडे स्वतः जाऊन एकेका औषधाचें नांव घेऊन विचारून आली. मग पहिली सारी मांडणी मोडून तिनें नवी केली. अक्षरें ठळक आणि काळीं झालीं. चित्रांच्या जागीं शब्द आले. मोबाइल आतां प्रथम एकच प्रश्न विचारी : ‘जेवण झालें का ?’ आणि खालीं दोन मोठीं उत्तरें : ‘झालें’, ‘नाहीं’. घंटेचा आवाज आजोबांच्या कानाला पोंचत नाहीं, हेंहि तिच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून तिनें आजीला समोर बसवून तिचाच आवाज त्यांत भरला : ‘अहो, गोळी घेतली का ?’ पहिल्या दिवशीं तो प्रश्न मोबाइलमधून निघतांच तीर्थरूपांनीं स्वयंपाकघराकडे तोंड करून उत्तर दिलें, ‘घेतों, घेतों !’ आणि घेतलीहि.

विद्यार्थिदशेंतल्या कामाचा विचार करूं लागलें, कीं असें दिसतें कीं ज्या कामांतून पुढें मोठें कांहीं निघालें, त्यांचाहि आरंभ पुष्कळदां असाच जवळच्या वस्तूपासून झाला आहे. १९७२ सालीं अमेरिकेंतील युटा विद्यापीठांत एड कॅटमल नांवाचा एक विद्यार्थी होता. संगणकाकडून हालतें चित्र काढून घ्यावयाचें त्याच्या मनांत होतें. चित्राचा विषय म्हणून त्यानें निवडला तो स्वतःचा डावा हात ! त्या हाताची त्यानें प्लास्टरची प्रतिकृति केली, तिच्यावर शाईनें सुमारें ३५० त्रिकोण व बहुकोन आंखले, आणि त्यांचीं मोजमापें मोठ्या चिकाटीनें संगणकांत घातलीं. फ्रेड पार्क या सहाध्यायाच्या साहाय्यानें त्यानें जी लहानशी चित्रफीत केली, तींत तो हात बोटें मिटतो आणि उघडतो. यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. परंतु हाच विद्यार्थी पुढें १९८६ मध्यें ‘पिक्सार’ या संस्थेच्या संस्थापकांपैकीं एक झाला, आणि त्या संस्थेनें १९९५ मध्यें ‘टॉय स्टोरी’ हा सर्वस्वीं संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट जगापुढें ठेवला. तो विद्यार्थ्याचा हात २०११ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत जतनासाठीं निवडला गेला.

१९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें हौसेखातर आपल्या घरच्या संगणकासाठीं एक मूलभूत आज्ञावली लिहावयास घेतली. तीच ‘लिनक्स’. आमच्या पुतणीनें आजोबांच्या हातीं जो ॲन्ड्रॉइड मोबाइल दिला, त्याच्या मुळाशीं तोच गाभा काम करीत असतो.

आणि इतक्या दूर जावयाचें तरी कारण काय ? मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचें केंद्र आहे. आपले कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी हे तेथें अध्यापक होते. संगणकावर मराठी वाचतांना जी ‘मंगल’ नांवाची अक्षरमाला वर्षानुवर्षें आपल्या डोळ्यांखालून गेली, ती त्यांच्याच हातची. याच केंद्रांत तामिळ अक्षरांवर संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांनीं काढलेलें रुपयाचें चिन्ह सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें. त्यांत देवनागरी ‘र’ आहे, रोमन लिपींतील त्याच ध्वनीच्या अक्षराची छाया आहे, आणि वर आपली शिरोरेषा आहे. आपण भाजीच्या हिशेबाच्या कागदावरहि आतां तें चिन्ह काढतों.

प्रत्येक मुलाच्या प्रकल्पांतून असें कांहीं निघेल, असें आमचें म्हणणें नाहीं. बहुतेक प्रकल्प कपाटांत जातील. परंतु जें काम मुलानें स्वतः केलें, तें कपाटांत गेलें तरी त्याची विद्या मुलापाशीं उरते. जें विकत आणलें, त्यांतलें कांहींच उरत नाहीं. असे तयार प्रकल्प विकणारीं दुकानें आज उघडपणें चालतात, आणि खेदाची गोष्ट ही, कीं पैसे बहुधा आईबापच देतात. ‘एवढें एक वर्ष निभावून जाऊं दे’ असें आपण म्हणतों, आणि चार वर्षांच्या शिक्षणाचा जो कळस, तोच पोकळ ठेवतों. २०२२ च्या अखेरीपासून तर नुसतें सांगतांच लेख, चित्रें आणि आज्ञावली रचून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें सर्वांच्या हातीं येऊं लागलीं आहेत. त्यांचा उपयोग करूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं; हिशेबाचें यंत्र आल्यावर पाढे म्हणत बसा, असें कोणी सांगणार नाहीं. परंतु आजोबा ८ वाजतां पूजेंत असतात, हें त्या यंत्राला कोण सांगणार ? तें पाहणारे डोळे विद्यार्थ्याचेच हवेत. ‘हें असेंच कां केलेंस ? दुसरें काय करून पाहिलेंस, आणि तें कां टाकलेंस ?’ या प्रश्नांना ज्याला उत्तर देतां येतें, त्याचा प्रकल्प त्याचाच, मग साधनें कोणतींहि असोत.

म्हणून आमच्या वाचकांस आमची विनंति अशी आहे. मूल घरीं आलें म्हणजे ‘किती गुण मिळाले ?’ हा प्रश्न जरा मागें ठेवावा. ‘हें कोणासाठीं केलेंस ? त्यानें तें वापरून पाहिलें का ? तो कोठें अडला ?’ हे प्रश्न आधीं विचारावे. ते विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. दुसरें असें, कीं विषय शोधीत मुलें रानोमाळ हिंडतात, आणि घरांत ते पडलेले असतात. माळ्यावर मोडी कागदांचें एखादें बोचकें असेल. ती मोडी लिपि २०१४ पासून जागतिक संगणक-संकेतांत समाविष्ट झालेली आहे, आणि ती वाचावयास शिकविणारी एखादी सुबोध आज्ञावली कोणाहि विद्यार्थ्यानें हातीं घेण्याजोगी आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. ‘अंदाजानें घालावें’ एवढ्यावरच ज्याचें माप संपतें, असें तिचें लोणचें आहे. तो अंदाज म्हणजे नेमका किती, हें तिच्या हाताकडे पाहून टिपून ठेवणें, हाहि एक उत्तम प्रकल्प होईल. आणि तो करावयास मुदत आहे, ती महाविद्यालयाच्या मुदतीहून अधिक कडक आहे.

आमच्या पुतणीच्या अंतिम परीक्षेची हकीकत सांगावयाची राहिली. डिसेंबरांत झाली तेवढी स्तुति या वेळीं झाली नाहीं. ‘रूप फार साधें झालें आहे’ असा एका परीक्षकांनीं शेरा मारला, आणि गुणहि आमच्या अपेक्षेपेक्षां थोडे कमीच पडले. मुलीला त्याचें वाईट वाटलें, वाटणारच. परंतु तीर्थरूपांचा रोज एक गोळी विसरण्याचा नेम मात्र त्या फेब्रुवारीपासून मोडला, तो अद्याप मोडलेलाच आहे.

तेव्हां या सुटींत ओटीवरचा पसारा कोणी आवरूं लागेल, तर त्याला थांबवावें. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला चष्मा लावून तेथें बसवावें, आणि मुलानें केलेली वस्तु त्याच्या हातीं देऊन पाहावी. चालली, तर तसें म्हणावें. न चालली, तर तेंहि मोकळेपणानें सांगावें. मूल रात्रीं कदाचित् नीट जेवणार नाहीं; पण सकाळीं तें पुन्हां वही घेऊन बसलें, तर त्याचें शिक्षण योग्य वाटेनें चाललें आहे असें समजावें.