सत्तरी ओलांडलीत? मग कार्ड आजच काढा!



गेल्या मंगळवारी आपल्या एका भगिनीने हातातल्या पाटल्या सराफाकडे मोडल्या. यजमान 74 वर्षांचे. मध्यरात्री छातीत कळ आली म्हणून जवळच्या खासगी रुग्णालयात नेले, दोन स्टेंट बसले, माणूस वाचला. बिल मात्र लग्नातल्या सोन्याने फिटले. दुसऱ्या दिवशी संघाचे कार्यकर्ते तिथे गेले, तर बिलाच्या खिडकीपासून दहा पावलांवर आरोग्यमित्राचे, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाचे, टेबल! त्याच रुग्णालयात सरकारी योजना सुरू होती. दाखल करताना कुणी विचारले नाही आणि घरच्यांना मागता आले नाही, कारण कार्डच काढलेले नव्हते. ही योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरायचे आणि मागून पैसे परत घ्यायचे, अशी सोय तिच्यात नाही. गेलेल्या पाटल्या गेल्या.

याची चीड आल्यामुळेच हे पत्रक काढत आहोत.

29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळते. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाची अट नाही. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातला उपचार मोफत. हप्ता शून्य. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर हे 5 लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी हे 5 लाख वेगळे, वरचे.

सत्तर पूर्ण नाहीत? तरी हातावर हात धरून बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून 5 लाख झाली आहे. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या रेशनकार्डासकट राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. तरीही परवाच्या सभेत "कार्ड कुणाकुणाकडे आहे?" म्हणून विचारले, तर निम्मे हातसुद्धा वर आले नाहीत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी उजाडायच्या आत बँकेच्या दारात उभे राहणारे आपण! पेन्शनचा एक महिना चुकू नये म्हणून एवढी धडपड, आणि जन्माची पुंजी वाचवणाऱ्या कार्डासाठी एक सकाळ निघत नाही? स्पष्टच लिहितो: हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याची किंमत घरातल्या बायकांच्या दागिन्यांनी आणि मुलांच्या कर्जांनी मोजावी लागते.

"ते गरिबांसाठी असते," असे म्हणणाऱ्यांनी वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा. "आमची पॉलिसी आहे," म्हणता? असू द्या. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय असली तरी हे कार्ड काढता येते. पॉलिसी लगेच बंदही करू नका, कारण योजना फक्त अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयांत चालते. विमा प्राधिकरणाने जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांना बजावले आहे की, प्राधिकरणाशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही. नूतनीकरणाची नोटीस आली की आकडा तपासा. "मुलगा बघून घेईल," याला उत्तर द्यायची इच्छा नाही.

सीजीएचएस आणि ईसीएचएसच्या सभासदांनी मात्र घाई करू नये. त्यांना दोन्हींपैकी एकच निवडावे लागते आणि त्यांच्या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही मिळतात. वय वंदना कार्डावर ती मिळत नाहीत. रोजच्या गोळ्यांचा खर्च आपलाच, हे सर्वांनीच ध्यानात ठेवावे.

आता कामाला लागा:

1. आधारवरची जन्मतारीख आज पाहा. अंदाजाने 1 जानेवारी टाकलेली असेल आणि वय कमी दिसत असेल, तर आधी ती दुरुस्त करा. वय आधारवरूनच धरतात.

2. आधारला जोडलेला मोबाइल कुणाचा आहे ते पाहा. भगिनींच्या बाबतीत तो बहुधा परगावच्या मुलाचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो.

3. बोटांचे ठसे उमटले नाहीत म्हणून परत आलेल्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते.

4. कार्ड मोफत आहे. पैसे मागणाऱ्याला देऊ नका. ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका.

5. दाखल होताना पहिला प्रश्न: "आरोग्यमित्र कुठे बसतात?" अनामत रक्कम भरण्याआधी हे विचारायचे. हे वाक्य घरच्या प्रत्येकाला पाठ हवे.

6. योजनेतल्या उपचाराला पैसे मागितले तर आयुष्मानसाठी 14555, फुले योजनेसाठी 155388 वर फोन करा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि संघाला कळवा. पुढचे आम्ही बघतो.

7. मुलाकडे बंगळूरला किंवा इंदूरला जाताना कार्ड सोबत ठेवा. आयुष्मान कार्ड परराज्यातल्या अंगीकृत रुग्णालयातही चालते.

येत्या रविवारी सकाळी 9 ते 1 संघाच्या सभागृहात शिबिर आहे. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेला मोबाइल आणा. जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची यादी फलकावर लावली आहे, ती उतरवून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी आपले कार्यकर्ते जातील. कोविडच्या काळात याच संघाने दारोदार औषधे पोहोचवली होती. तेव्हा कुणाला एकटे पडू दिले नाही, आताही देणार नाही.

प्रत्येक सभासदाने शेजारच्या एका ज्येष्ठाला हाताला धरून आणावे. ज्या भगिनीच्या पाटल्या गेल्या, ती स्वतः रविवारी नावनोंदणीच्या टेबलावर बसणार आहे. तिच्यासमोर येऊन आपले नाव लिहा.

आपला,
कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ