बहात्तर सालची सजावट

आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन पुढच्या महिन्यात आहे आणि यंदा ‘सत्तरचं दशक’ अशी थीम ठरली आहे. परवा कमिटीतली तरुण मंडळी वही घेऊन घरी आली. त्या काळात शाळेत असलेली माणसं आता इमारतीत मोजकीच उरली आहेत, त्यामुळे असल्या कामाला माझी आठवण होते. त्यांची यादी तयारच होती. बेलबॉटम, लांब कॉलरचे शर्ट, राजेश खन्ना, गोल्ड स्पॉटची बाटली, बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी आणि मर्फीचा रेडिओ. यादीत खोटं काही नव्हतं. त्या प्राण्यांसाठी आम्ही भावंडं भांडलेलो आहोत. मी त्यात भर घातली. म्हटलं, रेशनची मिलो घ्या, सुकडी घ्या, रॉकेलची रांग घ्या, खडी फोडणाऱ्या बायका घ्या. लिहिणाऱ्या मुलाचं पेन थांबलं. “काकू, जरा हलकंफुलकं सांगा ना,” तो म्हणाला, “निगेटिव्ह नको.”

मुलगा गुणी आहे. गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद होती तेव्हा त्यानेच माझं सामान वर आणून दिलं होतं. त्याच्यावर माझा राग नाही. पण हे ‘निगेटिव्ह नको’ आता सगळीकडे झालं आहे. हॉटेलात जा, भिंतीवर कंदील, पितळी तांब्या, जुन्या सिनेमाचं पोस्टर आणि कोपऱ्यात रेडिओची लाकडी पेटी. मागून वाकून बघा, आत ना व्हॉल्व्ह ना स्पीकर. पेटी तेवढी ठेवली, वाजणारं सगळं काढून टाकलं.

तारखा एकदा सांगून टाकते. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकल्या. गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा केल्या. डिसेंबरात युद्ध झालं. १९७२ मध्ये ‘पिंजरा’ आला, दादा कोंडक्यांचा ‘एकटा जीव सदाशिव’ आला, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १६ डिसेंबरला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. आणि त्याच वर्षी, आधीची दोन वर्षं कशीबशी काढलेल्या सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगली या भागांत पावसाने पाठ फिरवली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सुचवलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर उभी राहिली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

मी तेव्हा बार्शीत पाचवी-सहावीत होते. आमच्यासाठी दूरदर्शन ही फक्त वर्तमानपत्रातली बातमी होती. मुंबईत लोक घरात बसून चित्रं बघतात, हे मोठ्यांनी सांगितलं म्हणून आम्ही मानलं. आमचं जग रेडिओचं. आणि रेडिओवर बोलायला लागले की मला थांबवणं कठीण, हे या सदराच्या वाचकांना माहीत आहे. वाड्यात एकच रेडिओ, तोही व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आधी काचेमागे पिवळा उजेड पडायचा, मग आतलं तापेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं, मग खरखर आणि मग माणूस. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, ती एरियल. रेडिओचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि लायसनच्या पुस्तकात नोंद करून घ्यायची. बुधवारी रात्री आठला सिलोनवर गीतमाला लावायचं काम माझ्या चुलतभावाचं. शॉर्टवेव्हचा काटा केसभर हलला तरी अमीन सयानी समुद्रात बुडायचे, म्हणून त्या वेळी त्याच्याजवळ कुणी फिरकायचं नाही. १९७२ च्या वार्षिक गीतमालेत ‘हरे रामा हरे कृष्णा’मधलं गाणं पहिलं आलं. आजीला ते अजिबात आवडलं नाही, पण ती उठून गेली नाही. मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ लागलं, टेकाडे भावजी आणि मीनावहिनी बोलायला लागल्या की वाड्यातल्या सगळ्या बायका हातातलं काम घेऊन ओसरीवर येत. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाती वळतंय. ऐकणं आणि काम एकत्रच चालायचं.

त्याच ओसरीवर रेशनचं पोतं येऊन पडलं.

मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. आमच्या भागाला ज्वारीचं कौतुक सांगायला नको. मालदांडीची पांढरी, पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी ही आमच्याकडे बाईची परीक्षाच. आईची भाकरी तव्यावर टम्म फुगायची. तिने पहिल्या दिवशी मिलोचं पीठ काठवटीत घेतलं, नेहमीसारखं पाणी घालून मळलं, थापायला घेतलं आणि भाकरी हातातच मोडली. दुसरी कडेने चिरत गेली. तिसरी तव्यापर्यंत पोचली आणि उलथताना तिचे तीन तुकडे झाले. आईने पाण्याला आधण आणलं, पीठ उकडून घेतलं, पुन्हा मळलं. आता भाकरी मोडत नव्हती, पण जाड, लालसर आणि गार झाल्यावर चामट. थोडी घरची ज्वारी शिल्लक होती ती आई त्यात मिसळायची. किती मिसळायची हे ती रोज डब्यात हात घालून ठरवायची आणि रोज ते थोडं कमी व्हायचं. आम्ही तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, “शेंगाचटणी लाव आणि खा.” चटणीतल्या शेंगाही पुढे कमी झाल्या, तिखटच उरलं.

तरी आमच्या घरात वडिलांची नोकरी होती. आमच्या हाल या शब्दाला फार वजन देऊ नये. खरा दुष्काळ मी पाहिला तो मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मावशींकडे. त्यांचं शेत गावी होतं, विहीर आटली, बैल विकले, आणि त्या दोन मुलांना घेऊन बार्शीत आल्या. रोज सकाळी त्या गावाबाहेर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. मुकादम हजेरी मांडायचा, खडी ब्रासवर मोजली जायची. आधी घणाने फोडलेले मोठे दगड, मग त्याची हातोडीने बारीक खडी. दगड धरायच्या हाताच्या बोटांना त्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायच्या, म्हणजे हातोडी घसरली तरी हाड वाचतं. संध्याकाळी त्या पायरीवर बसून पट्ट्या सोडायच्या. खालची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, आणि अंगठ्याच्या नखाखाली काळं रक्त. कपची डोळ्यात गेली की आजी पदराची सुरळी करून ती काढायची. हे मी इतक्या जवळून पाहिलेलं आहे की आजही कुठे रस्त्याकडेला खडीचा ढीग दिसला तर आधी बोटं आठवतात.

कामावर सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, गूळ, थोडं तेल. ती तिथेच खायची असा नियम, कारण ती काम करणाऱ्याच्या पोटात जावी असा त्यामागचा चांगला हेतू. मावशी अर्धी खायच्या आणि अर्धी पदराच्या गाठीत बांधून मुलांना आणायच्या. त्यांच्यासारख्या सगळ्याच आयांनी तेच केलं असणार. मुलगी माझ्या वर्गात. ती डब्यात सुकडी आणायची आणि आम्ही चपातीच्या बदल्यात ती मागून घ्यायचो, कारण आम्हाला ती गोड लागायची. जळक्या गुळाचा वास यायचा तिला. ती मुलगी चपातीचा घास किती हळू चावायची, ते मला आता दिसतं.

आणि आता मुद्द्याचं सांगते. त्या उन्हाळ्यात ‘पिंजरा’ आमच्या भागात पोचला. डॉ. लागू, संध्या, निळू फुले, शांतारामबापूंचा रंगीत सिनेमा, जगदीश खेबुडकरांच्या लावण्या, राम कदमांचं संगीत. ती गाणी सिनेमाच्या आधीच लाऊडस्पीकरवरून सगळ्यांना पाठ झालेली होती. पगार वाटपानंतर खडीवरच्या बायका ठरवून सिनेमाला गेल्या, मावशीही गेल्या. जाताना बोटांच्या पट्ट्या सोडल्या, डोक्याला तेल लावलं, ठेवणीतलं लुगडं नेसल्या. गल्लीतल्या एका पांढरपेशा गृहस्थांनी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “खायला नाही आणि सिनेमाला पैसे आहेत.” मावशी वळून काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पायरीवर पट्ट्या सोडताना त्यांनी आजीला सगळी गोष्ट सांगितली, पहिल्या रीळापासून. मास्तर कसा होता, कसा नाचणारीच्या नादाला लागला, शेवटी कसा उभा राहिला. खडीवर म्हणे दिवसभर वाद चालला होता की चूक मास्तराची की तिची. मुकादमही त्यात पडला. मावशींचा निकाल ठाम होता. “ती नाचणारीच हुती, तिनं काय लपवलं न्हाई. मास्तर शिकल्याला हुता न्हवं? त्याला कळाय नगं?”

मी पुढे या सिनेमावर मोठमोठ्या लोकांचे लेख वाचले. इतका स्वच्छ निवाडा मला त्यात सापडला नाही.

त्या बाईला ती दोन-तीन तासांची करमणूक दुष्काळाने फुकट दिलेली नव्हती. पोटाला चिमटा काढून तिने ती मिळवली होती. म्हणून ती गाणी तिच्या तोंडी इतकी राहिली, म्हणून दगडावर हातोडी पडताना त्या लावण्यांचा ठेका धरला जायचा. भूक वगळून नुसती गाणी उचलली तर त्या बायकांचं गाणंही आपल्या हाती लागत नाही. आणि उलटही तितकंच खरं. दुष्काळावरची पुस्तकं वाचताना मला खटकतं की त्यांत किती मजूर, किती पाझर तलाव, किती मैल रस्ते हे सगळं असतं, पण त्या मजुरांना दादा कोंडके आवडायचे, ते रेडिओपाशी थांबायचे, गावसकर नावाचा एक बुटका पोरगा वेस्ट इंडीजमध्ये काय करून आला हे त्यांनाही ठाऊक होतं, हे कुणी लिहीत नाही. भुकेला माणूस फक्त भुकेला म्हणून मोजला गेला.

मुंबईतही तेव्हा काही वेगळं नव्हतं. महागाई अशी भडकली की मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. थाळ्या वाजल्या. सोवळ्याच्या स्वयंपाकघरांतून, चाळीतून, झोपडपट्टीतून आलेल्या बायका एका रांगेत चालल्या. सत्तरच्या दशकाचं एकच चित्र भिंतीवर लावायचं झालं तर मी बेलबॉटमच्या आधी ते लाटणं लावीन. आईने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती आणि वाचून झाल्यावर पेपराची घडी करून कपाटात ठेवली, रद्दीत टाकली नाही.

माझ्या पिढीवर माझा राग जास्त आहे. तरुणांना माहीत नाही हे समजू शकते. आपल्याला माहीत आहे आणि तरी आपणच नातवंडांना सांगतो की तेव्हा सगळं स्वस्त होतं, माणसं साधी होती, कुणाला कसली काळजी नव्हती. स्वस्त कुणाला होतं? गॅसची नोंदणी करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते, स्कूटरचं बुकिंग करून विसरत होते, साखर कार्डावर होती. काळजी तर इतकी होती की आई रात्री पिठाच्या डब्याचं झाकण उघडून बघायची. वाड्यातली माणसं एकमेकांना धरून होती हे खरं, आणि मला त्याचं आजही अपार मोल आहे. पण ती धरून राहिली कारण एकट्याने ते वर्ष निघणं शक्य नव्हतं. मावशींच्या मुलांना ताप आला तेव्हा आजी रात्रभर बसली. आमच्याकडे पाहुणे आले तेव्हा मावशींनी त्यांची घागर आमच्या मोरीत आणून ओतली, त्या दिवसांत पाण्याची घागर म्हणजे काय हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच कळेल. हे नुसतं ‘साधेपणा’ म्हणून नातवंडांना सांगितलं तर त्यातली हिंमत हरवते.

खडीवर तेव्हा विशीत-तिशीत असलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आहेत. त्यातल्या कितीतरी अजून आहेत. तुमच्या घरात, तुमच्या गावी, तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या आईच्या रूपात. त्यांना जाऊन विचारा. मिलोची भाकरी मोडू नये म्हणून काय करायच्या, सुकडी कुणासाठी बांधून आणायच्या, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तलावावर काम केलं, आणि हेही विचारा की तेव्हा कोणतं गाणं म्हणायच्या, कोणता सिनेमा पाहिला, कोण आवडायचं. एका पानावर लिहा, त्यांच्याच बोलीत लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका. पत्ता नेहमीप्रमाणे सदराखाली आहे. येतील ती पत्रं मी याच जागेत छापणार आहे.