गाणं वाचताही आलं पाहिजे

नववी-दहावीतल्या मुलामुलींच्या वह्या मागच्या बाजूने उघडून पाहा. शेवटच्या पानांवर गाणी उतरवलेली सापडतात. ध्रुवपद एकदा पूर्ण, पुढे नुसता पहिला शब्द आणि टिंबं. ऐकून न कळलेल्या शब्दासाठी मोकळी सोडलेली जागा. रॅपची ओळ असेल तर श्वास कुठे घ्यायचा त्याची तिरकी रेघ. मी मांडणीकार आहे. दिवाळी अंक, शाळांची वार्षिकं, संगीत संस्थांच्या स्मरणिका करते आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना मांडणी शिकवते. किशोरवयीनांसाठी संगीताचं मासिक कसं असावं, या प्रश्नाचं माझं उत्तर त्या मागच्या पानांवर आहे. वाचकाला काय हवं ते त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

असं मासिक मराठीत असायला हवं, हे मला मनापासून वाटतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ रागसंगीताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण ढोल-ताशा पथकात टोल धरणारी अकरावीतली मुलगी, वऱ्हाडी बोलीत रॅप लिहू पाहणारा मुलगा, प्रवेशिकेची परीक्षा देता देता युकुलेले शिकणारी त्यांची मैत्रीण, या तिघांनी एकमेकांकडून ओढून घ्यावा असा अंक मला स्टॉलवर दिसत नाही.

विद्यार्थ्यांना मी हाच विषय देते, तेव्हा पहिल्या कच्च्या आराखड्यांत ठरावीक गोष्टी येतात. काळं मुखपृष्ठ, ज्वाळा, गिटार, ओढूनताणून तिरकी केलेली देवनागरी आणि कोपऱ्यात ‘धमाल’ नावाचा तारा. हे आराखडे करणारे स्वतः जेमतेम विशीतले असतात. त्यांच्या फोनमधली गाणी ऐकली तर या गोंगाटाचा तिथे मागमूस नसतो. मोठ्या माणसांनी ‘तरुणाई’ म्हणून जे चित्र रंगवलं, तेच ते परत काढत असतात. त्या वयाच्या वाचकाला आपल्याला कुणी भुलवतंय हे चटकन कळतं आणि तो अंक खाली ठेवतो.

या क्षेत्रात जे टिकलं, ते वाचकाच्या हाताला आणि गळ्याला काम देऊन टिकलं. ब्रिटनमध्ये निक लोगन यांनी 1978 साली ‘स्मॅश हिट्स’ काढलं, ते मुख्यतः चालू गाण्यांचे शब्द छापण्यासाठी. 2006 पर्यंत ते चाललं. पुढे ‘पेट शॉप बॉइज’मध्ये गायलेले नील टेनंट आधी तिथेच संपादकीय काम करत होते. जर्मनीतल्या 1956 साली निघालेल्या ‘ब्राव्हो’ने 1959 पासून आवडत्या कलाकाराचं पुरुषभर उंचीचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी द्यायला सुरुवात केली. अंकामागून अंक घ्यायचा, कापायचं, भिंतीवर जुळवायचं. आपल्याकडे तर चित्रपटगृहाबाहेर गाण्यांची पातळ पुस्तकं विकली जात. खडबडीत कागद, फिकट शाई, पण गीतकार-संगीतकाराचं नाव आणि पूर्ण गाणं. त्यावर कितीतरी घरांत लोक गायला शिकले.

म्हणून माझ्या मासिकाचा कणा म्हणजे गाण्याचं पान. एका अंकात सहा गाणी पुरेत, पण ती रीतसर हक्क घेऊन, शब्द तपासून, कवीच्या ओळी जिथे तुटतात तिथेच तोडून छापलेली. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजी पानाइतकं कमी ओळअंतर तिला चालत नाही. गाण्याच्या पानावर तर मी ते आणखी सोडीन, कारण मुलं त्या ओळींच्या मधे लिहिणार आहेत. तिथे त्यांना स्वर लिहू द्या. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर. ही चिन्हं दिसायला इतकी देखणी आहेत की पानाची सजावट त्यांनीच होईल. शेजारी गिटारच्या कॉर्डच्या आकृत्या आणि तालाचे बोल. पेटीवाला, गिटारवाला आणि पथकातला, तिघांनाही एकच गाणं उघडता यावं.

त्याच पानावर नावं हवीत. गायक आणि संगीतकार सगळ्यांना माहीत असतात. गीतकार, संयोजक, ढोलकी कुणाची, बासरी कुणाची, ध्वनिमुद्रण कुणी केलं, हे मुलांपर्यंत फारसं पोहोचत नाही. 2016 साली ‘सैराट’च्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र नाचला. त्यातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केला, म्हणजे नेमकं काय केलं? वादकांसमोर कोणते कागद होते? धारावीतला मुलगा बीटवर शब्द कसे बसवतो? 2019 साली ‘स्वदेसी’ या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं, त्यात आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर कसे आले? पंधराव्या वर्षी माणसाला गाणं आवडतंच. शिवाय ते कसं होतं हेही कळून घ्यायचं असतं. कुणाला कुठला नट आवडतो यापेक्षा ही माहिती जास्त रंगतदार आहे, आणि ती चित्रांनी, बाणांनी, छोट्या चौकटींनी मांडता येते.

अक्षरांबद्दल मी आग्रही आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना जे चेहरे दिले, ते बघून नाटकाचा स्वभाव कळायचा. तशी नावाची अक्षरं या मासिकाला हाताने काढलेली हवीत. आतल्या मजकुरासाठी आज चांगले देवनागरी फाँट फुकट मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ वाचायला स्वच्छ आहे, शीर्षकांना ‘बालू’ किंवा लठ्ठ गोजिरवाणा ‘मोदक’ आहे. इंग्रजी अक्षरांची नक्कल करायची गरजच उरलेली नाही. आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा बारीक मजकूर मुळीच नको; स्वस्त कागदावर शाई पसरते आणि जोडाक्षरं बुजून जातात.

पोस्टर मात्र हवंच. ते मधल्या जोडपानावर, म्हणजे पिना उचलल्या की न फाटता निघेल. पाठीमागे लेख ठेवू नये, नाहीतर मुलाला दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आणि पोस्टरवर दर वेळी तारकाच कशाला? एका महिन्यात हार्मोनियमचं पोट उघडून आतल्या पट्ट्या दाखवा. दुसऱ्या महिन्यात पखवाज आणि ढोलकीची पुडी शेजारी-शेजारी.

सगळं फोनवर असताना कागद कशाला, असं मला प्रकाशक विचारतात. फोनवर गाणं मिळतं, शब्दही मिळतात, बऱ्याचदा चुकलेले. एक गाणं संपायच्या आत दुसरं पुढ्यात येतं. कागदावरचं गाणं पेटीवर उभं करून ठेवता येतं, त्यावर पेन्सिल चालते, ते पाच जणांच्या मधे ठेवून गाता येतं. प्रत्येक गाण्याशेजारी क्यूआर कोड द्यावा, म्हणजे ऐकणं फोनवर आणि गाणं कागदावर. दोघांची स्पर्धा लावायचं कारण नाही.

हे परवडेल का? बत्तीस पानं, दोन फर्मे, साधा कागद, फक्त मुखपृष्ठ आणि मधलं पोस्टर रंगीत. वाद्यांची दुकानं, संगीत क्लास, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ यांच्या जाहिराती इथे शोभतील. संपादक मंडळात चौदा ते सतरा वयाची मुलं असावीत आणि त्यांच्या लेखांना मानधन द्यावं. त्यांच्या शब्दाला किंमत आहे, हे त्यांना आपण तसंच सांगू शकतो.

दिवाळी अंकांसाठी दर वर्षी एवढी उमेद आणि पैसा उभा करणाऱ्या प्रकाशकांना माझी विनंती आहे. त्यातला थोडा वाटा काढा आणि शाळा उघडतात त्या जूनमध्ये एक अंक करून पाहा. डमी मी करून देते. मात्र पहिली गाणी कुठली घ्यायची, ते त्या वह्यांच्या मालकांना ठरवू द्या.