गाळाला पंपाचे औषध

२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील लोधीखेडा ज्या सौंसर परिसरात आहे, त्याच्याच नावाने भूवैज्ञानिक ‘सौंसर समूह’ ओळखतात, आणि मँगनीजसाठी प्रसिद्ध असलेल्या या खडकांत संगमरवराचेही थर असल्यामुळे त्यांतून झिरपणारे पाणी विरघळलेला चुना घेऊन येते, म्हणजेच ‘जड’ होते. असे पाणी गिझरमध्ये तापले की न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी खपली धरते. म्हणून केवळ गरम पाण्याची धार बारीक झाल्यास दोष गिझरकडे, एकाच नळाची झाल्यास त्याच्या तोंडाच्या जाळीत, आणि सगळ्याच नळांची झाल्यास टाकीच्या तळाशी किंवा मुख्य व्हॉल्व्हमध्ये शोधावा. जाळीतला कचरा लिंबाच्या रसात फसफसला तर तो चुना, बोटांत करकरला तर बोअरची रेती. घरोघरी मात्र आधी प्रेशर पंप आणि शेवटी टाकीचे झाकण असा उलटा क्रम चालतो, जणू शिडी पंपाहून महाग असावी. वास्तविक १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो, त्यामुळे नळापासून ३ मीटर उंचीवरची टाकी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही दाब देत नाही, आणि एवढ्याशा दाबाला गाळाचा अडथळा परवडत नाही. गाळ न उपसता बसवलेला पंप हा निव्वळ अपव्यय होय, कारण तो तोच गाळ अधिक जोराने जाळीत कोंबतो. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी टाकी धुऊन घ्यावी आणि तिचा निर्गम पाइप तळापासून चार बोटे वर बसवून घ्यावा.