क्लासचं नाव कुणाच्या नावावर?

दहावीचा निकाल लागला की महाडपासून पोलादपूरपर्यंत महामार्गाच्या कडेला क्लासेसचे फ्लेक्स लागतात. वर मुलांचे फोटो आणि टक्के, खाली मोबाइल नंबर आणि हल्ली त्याच्याही खाली बारीक अक्षरात वेबसाइटचा पत्ता. बहुतेकदा तो फ्लेक्स छापायला टाकण्याच्या आदल्या रात्री घाईघाईत घेतलेला असतो. खरं तर क्लास काढायचा म्हटल्यावर जागेच्याही आधी हे नाव ठरवायला हवं.

गावाचं नाव घालावंसं वाटतंच, पण आपल्याकडे त्यात एक मेख आहे. रोमन लिपीत महाड आणि खालापूर तालुक्यातलं वरदविनायकाचं महड यांचं स्पेलिंग एकच, आणि दोन्ही गावं रायगड जिल्ह्यातलीच. ‘रायगड’ घ्यावं, तर शेवटी ‘डी’ की ‘आरएच’ हा घोळ, आणि शोधताना छत्तीसगडचं रायगढ आडवं येतं. पोलादपूरकर यातून सुटले. ‘ज्ञान’ घालणाऱ्यांची पंचाईत आणखी मोठी: सर ‘डीएन’ने सुरुवात करतात, मुलं ‘जीवाय’ने. यावर माझा साधा उपाय आहे. नाव घेण्याआधी उमरठ-कापड्याकडच्या एखाद्या पालकाला ते फोनवर एकदाच सांगा. स्पेलिंग न विचारता त्यांनी बरोबर टाइप केलं, तर घ्या. मधली आडवी रेघ आणि आकडे नकोतच.

शेपटाचं म्हणाल, तर ‘एज्यु डॉट इन’ आणि ‘एसी डॉट इन’ मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांसाठी राखीव आहेत आणि ‘अर्नेट इंडिया’मार्फतच मिळतात. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला ‘एसी डॉट इन’ आहे, खासगी क्लासला नाही, आणि ते योग्यच आहे. आपण ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ घ्यावं, परवडलं तर दोन्ही. २०१४पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं. ते जरूर घ्या, पण जोडीला. कारण तशा पत्त्यावरचा ईमेल आजही अनेक ऑनलाइन फॉर्म स्वीकारत नाहीत. मात्र बोर्डाच्या किंवा सीईटीच्या वेबसाइटसारखं दिसणारं नाव कुणी घेऊ नये. निकाल एका पत्त्यावर, बोर्ड दुसऱ्या, सीईटी तिसऱ्या. पालक आधीच गोंधळलेले असतात. त्या गोंधळावर प्रवेश मिळवणं ही फसवणूक आहे.

आता खरा मुद्दा. वेबसाइट करून देतो कोण? ओळखीतला कुणी होतकरू पोरगा. तो नाव नोंदवतो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःचा मोबाइल नंबर टाकून. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, ओटीपीसाठी सरांना दहा वेळा फोन करण्यापेक्षा ते सोपं जातं इतकंच. दोन वर्षांत त्याला पुण्यामुंबईत नोकरी लागते, नंबर बदलतो आणि नूतनीकरणाच्या सूचना कुणीच न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये साचत राहतात. ‘डॉट कॉम’ची मुदत संपली की थोडे दिवस साध्या फीत नूतनीकरण होतं, मग ३० दिवस दंडासह, त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कुणालाही घ्यायला मोकळं. समोरच्या गल्लीतल्या क्लासलासुद्धा.

जमिनीच्या सातबाऱ्यावर गवंड्याचं नाव आपण लागू देऊ का? मग इथे का देतो? नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘रजिस्ट्रंट’ असा रकाना असतो. त्यात मालकाचं नाव हवं. ईमेल आणि मोबाइलही मालकाचाच. पोराला त्याच्या कामाचे पैसे द्या, पण खात्याची चावी आपल्याकडे ठेवा. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते, तीन-पाच वर्षांची तरी कराच. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर हा ऑफरचा असतो, म्हणून पैसे भरण्याआधी नूतनीकरणाचा दर वाचा.

पत्ता नुसता असून भागत नाही. जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, त्याचा कालावधी आणि फी वेबसाइटवर अद्ययावत ठेवावी, असं त्यात म्हटलं आहे. त्यांच्या व्याख्येत ५०पेक्षा जास्त विद्यार्थ्यांचे क्लास येतात. लहान क्लासनीही हे आपणहून करावं, असं मला मनापासून वाटतं. ‘फी ऑफिसमध्ये सांगू’ हे वाक्य दिवसाची मजुरी बुडवून एसटीने येणाऱ्या बापासाठी महाग पडतं.

आणि महाडकरांना एक वेगळी विनंती. जुलै २०२१च्या पुरात बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा कागदपत्रं गेली, कॉम्प्युटर गेले. अशा वेळी क्लास दुसऱ्या जागी हलला तरी वेबसाइटचा पत्ता तोच राहतो आणि नवी जागा त्यावर तासाभरात सांगता येते. अट एकच, खात्यात शिरता आलं पाहिजे. म्हणून खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि मुदतीची तारीख घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या, आणि त्याचा कागद वरच्या मजल्यावर ठेवा.